टीडीए ७२९४चा घरगुती अ‍ॅम्प्लिफायर: पंखा लावावाच लागेल का?

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. टीडीए ७२९४ या अ‍ॅम्प्लिफायर आयसीचे दोन बोर्ड, म्हणजे स्टिरिओ. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४, ५ अँपिअर, साधा ईआय कोअरचा. प्रत्येक रेलला (धन आणि ऋण पुरवठ्याला) १०,००० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर. स्पीकर ८ ओहमचे. दोन्ही आयसी एकाच काळ्या हीटसिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या पात्यांच्या अ‍ॅल्युमिनिअमवर) आहेत: लांबी १५० मिमी, रुंदी ७५, पात्या ४० मिमी उंच. पेटी पत्र्याची, ती टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, पुढे काचेचं दार.

मध्यम आवाजात तासाभराने सिंकवर बोट टिकत नाही. आवाज वाढवून ठेवला की कधीतरी दहा-पंधरा सेकंद पूर्ण शांतता, मग आपोआप चालू. पंखा लावणं भाग आहे का? घरघर नको म्हणून विचारतोय. हीटसिंक मोठा केला तर भागेल का, आणि केवढा?

कळव्याचाकाका
आधी काचेचं दार उघडा. बाकीचं मग बोलू.

जुनाखेळाडू
पंखा म्हणजे कमी पडलेल्या हीटसिंकवरचं पांघरूण. घरात ऐकायच्या अ‍ॅम्पला पंखा लागत असेल तर रचनाच चुकली. मोठा सिंक घ्या, पात्या उभ्या ठेवा, विषय संपला.

ओहमचा_नियम
जुनाखेळाडू, इतक्या लवकर विषय संपत नाही हो. आधी उष्णता मोजू, मग सिंक.

एबी क्लासच्या, म्हणजे ७२९४सारख्या अ‍ॅम्पच्या, एका चॅनलची जास्तीत जास्त उष्णता काढायचं सूत्र: रेल व्होल्टेजचा वर्ग गुणिले २, भागिले (पायचा वर्ग गुणिले स्पीकरचे ओहम). २४-०-२४ वर लोड असताना साधारण ±३३ व्होल्ट मिळतील. ३३चा वर्ग १०८९, दुप्पट २१७८, भागिले ७९ म्हणजे २७.६ वॅट. आयसी नुसती बसून जे खाते ते वेगळं, ३० मिलिअँपिअर गुणिले ६६ व्होल्ट, म्हणजे २ वॅट. एका चॅनलचे साधारण ३०, दोन्ही मिळून ५९ वॅट.

यात एक गंमत आहे. ही कमाल उष्णता पूर्ण आवाजावर येत नाही. आउटपुटचं टोक रेलच्या ६४ टक्क्यांवर असताना येते, म्हणजे पूर्ण ताकदीच्या सुमारे ४० टक्क्यांवर. त्याच्याही पुढे आवाज वाढवला तर स्पीकरकडे जास्त जातं आणि आयसीत कमी उरतं. म्हणून ‘मध्यम आवाजातच तापतो’ ही तक्रार नाही, तो त्या क्लासचा स्वभाव आहे.

आणि अगदी हळू आवाजात, स्पीकरला फक्त १ वॅट जात असताना? दोन्ही रेलमधून सरासरी ०.१६ अँपिअर ओढला जातो, गुणिले ६६ म्हणजे साडेदहा वॅट. त्यातला १ स्पीकरला, साडेनऊ आयसीत, वर बसून खायचे २. एका चॅनलला साडेअकरा, दोघांचे २३ वॅट. भजन ऐकताना सुद्धा २३ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पेटीत चालू आहे असं समजा.

फ्यूजउडाला
भजन ऐकताना सोल्डरिंग आयर्न :D :D

शंकेखोर
पण ते सूत्र साइन वेव्हचं, म्हणजे सलग एकाच सुराचं आहे. गाण्यात इतकं कुठे होतं?

ओहमचा_नियम
बरोबर. गाण्यात शिखरं उंच आणि सरासरी कमी. शिखरं कापली जाण्याच्या काठावर आवाज ठेवला आणि सरासरी ताकद कमालीच्या एक अष्टमांश धरली, तर उष्णता त्या २७.६च्या दोन तृतीयांशाच्या आसपास येते. म्हणजे १९ अधिक २, चॅनलला २१ वॅट, दोघांचे ४२.

आता ऐरोलीकरांचा सिंक. त्या मापाचा उभा ठेवलेला, मोकळ्या हवेतला सिंक साधारण १.१ अंश प्रति वॅट धरू, म्हणजे दर वॅटमागे तो हवेपेक्षा १.१ अंश जास्त तापतो. उत्पादकाचा आलेख हाती असेल तर तोच खरा. आयसीच्या आतल्या चिपपासून पाठीच्या पत्र्यापर्यंत डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त १.५ अंश प्रति वॅट. मायका (आयसी आणि सिंकमधला वीज अडवणारा पातळ तुकडा) आणि पेस्टचे ०.८ धरा. म्हणजे आयसीच्या वाटेला २.३.

बंद कप्प्यातली हवा ४५ अंश धरली तर:

हळू आवाज: सिंक ४५ + २३ × १.१ = ७०. चिप ७० + ११.५ × २.३ = ९६. चालेल.

दणक्यात गाणी: सिंक ४५ + ४२ × १.१ = ९१. चिप ९१ + २१ × २.३ = १३९. काठावर.

सगळ्यात वाईट, साइन वेव्ह: सिंक ११०, चिप १७८. अशक्य.

टीडीए ७२९४ चिप १४५ अंशांना स्वतःला म्यूट करते आणि १५०ला बंद होते. तुमची ‘दहा-पंधरा सेकंद शांतता’ हीच आहे. आयसी जीव वाचवतेय.

ऐरोलीकर
म्हणजे लूज कॉन्टॅक्ट नव्हे! दोन वेळा सगळं सोल्डर परत केलं मी.

रोहित्र
शांतता नेमकी कशाची ते ओळखायची सोपी खूण. आवाज जाताना आणि येताना ‘टक्’ वाजलं तर स्पीकर प्रोटेक्शनचा रिले आहे, बहुधा आउटपुटवर डीसी येतोय. टक् नाही, दोन्हीपैकी एकच चॅनल आधी जातो आणि थंड झाला की येतो: उष्णतेचं म्यूट. खरखर, तडतड होऊन आवाज फाटला तर कमी ओहमचा लोड किंवा करंटची मर्यादा.

दुसरं, ओहमरावांनी ±३३ धरलेत ते लोडवर. लोड नसताना ईआय ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज सहज ८-१० टक्के वर बसतं. त्यात रात्री उशिरा लाइन २३०ची २४५ झाली तर? २४ चे २६.४, त्याचे २८.१, गुणिले १.४१४ म्हणजे ३९.७, डायोड वजा करून ३९. टीडीए ७२९४ची चालू असतानाची मर्यादा ±४० आहे, सिग्नल नसताना ±५०. म्हणजे एका व्होल्टाचं अंतर. २४-०-२४ हीच वरची पायरी समजा. बाजारात याच बोर्डाबरोबर २८-०-२८ किंवा ३२-०-३२ सर्रास हातात ठेवतात. ३२चे ४५ व्होल्ट होतात. अशा ठिकाणी पंखा काही वाचवू शकत नाही.

डीसी मोजताना रात्री, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून मोजा.

जुनाखेळाडू
मी तेच म्हणतोय. व्होल्टेज कमी करा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गात जाते. १८-०-१८ लावला तर ±२४, उष्णता निम्मी, आणि घरात कोणाला फरक कळणार?

ओहमचा_नियम
याला मात्र पूर्ण सहमत. ±२४ वर ८ ओहमला कमाल १४.६ वॅट उष्णता, ±३३ला २७.६. आवाजात फरक जेमतेम ३ डेसिबल. फ्लॅटमध्ये ऐकायला १८-०-१८ पुरतो.

शंकेखोर
आणि ४ ओहमचे स्पीकर लावले तर?

रोहित्र
उष्णता दुप्पट. ±३३ वर चॅनलला ५५ वॅट. डेटाशीटच ७० वॅटसाठी ८ ओहमला ±३५ आणि ४ ओहमला ±२७ सांगतं, तो फरक उगाच नाही. दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की तेही ४च झाले, हे लोक विसरतात.

नौपाड्याची_ताई
गणित छान, पण ०.८ हा आकडा तुम्ही भलताच विश्वासाने धरलात. निम्म्या घरगुती बोर्डांत तिथेच पाणी मुरतं. ऐरोलीकर, आयसी सिंकवर बसवली कशी आहे ते सांगाल?

ऐरोलीकर
मायकाचा तुकडा, वर-खाली पेस्ट, मधे स्क्रू. पेस्ट भरपूर लावलीय, कमी पडायला नको म्हणून.

नौपाड्याची_ताई
‘भरपूर’ हीच चूक. पेस्टचं काम फक्त दोन पृष्ठभागांतल्या बारीक खळग्यांतली हवा हटवणं. धातूपुढे पेस्ट उष्णतेची वाईट वाहक आहे. जाड थर म्हणजे दुलई.

क्रम असा ठेवा. सिंकच्या भोकाच्या कडेला ड्रिलचा कुसळ राहिलेला असतो, तो मोठ्या ड्रिल बिटने हाताने दोन फेरे मारून काढा. एवढं एक कुसळ मायका फोडतं आणि आयसी अधांतरी ठेवतं. मग सपाट लाकडावर बारीक पॉलिशपेपर ठेवून बसायची जागा घासा, थिनरने पुसा. मायकाला चिरा नाहीत ना ते उजेडात धरून बघा. साधी पांढरी सिलिकॉन पेस्ट चालते, महागडी संगणकवाली लागत नाही. जुन्या एटीएम कार्डाने इतकी पातळ ओढा की खालचा धातू दिसत राहील. मायकाच्या दोन्ही बाजूंना.

स्क्रू एम३, खाली स्प्रिंग वॉशर, नायलॉनचा बुश. आधी हाताने, मग पाव-पाव फेरा. कडेने पेस्टची बारीक रेघ डोकावली की थांबा. फार आवळला तर आयसीची दुसरी बाजू उचलली जाते. १५ पायांच्या त्या रुंद आयसीला मधोमध दाबणारी अ‍ॅल्युमिनिअमची आडवी पट्टी स्क्रूपेक्षा बरी. आणि आयसी आधी सिंकवर आवळायची, मग बोर्डाला सोल्डर करायची. उलटं केलं तर पायांवर ताण राहतो, सोल्डरला कालांतराने गोल चिरा पडतात.

शेवटी मल्टिमीटर. टीडीए ७२९४ची पाठ आतून ऋण रेलला जोडलेली असते. पाठ आणि सिंक यांच्यात मेगाओहमच्या रेंजवर काहीच दिसता कामा नये. पेटी अर्थिंगला असेल आणि मायका फुटला असेल तर पहिल्या स्विचलाच फ्यूज जातो.

फ्यूजउडाला
माझं नाव का घेताय ताई.

शंकेखोर
मायका काढूनच टाकला तर? धातूवर धातू, उष्णता झकास जाईल.

नौपाड्याची_ताई
जाईल. पण मग पूर्ण सिंक −३३ व्होल्टवर. तो पेटीपासून नायलॉनच्या स्पेसरवर अलग ठेवावा लागेल, पेटीबाहेर उघडा ठेवता येणार नाही. सरकलेला एक स्क्रू पुरतो. दोन्ही आयसींची पाठ एकाच व्होल्टेजवर असल्याने एक सिंक चालतो, एवढंच सुख. नवख्याने हे करू नये.

पहिल्यांदा चालू करताना २३० व्होल्टचा १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. क्षणभर लख्ख होऊन मंद झाला तर ठीक, लख्खच राहिला तर बंद करा.

सुपारीफुटली
हे सगळं करण्यापेक्षा टीपीए ३११६चा बोर्ड आणा. डी क्लास, ९० टक्के कार्यक्षमता, हीटसिंक काडेपेटीएवढा. १९ व्होल्टचा लॅपटॉप अ‍ॅडाप्टर लावा आणि गाणी ऐका.

जुनाखेळाडू
आली जिलबी. धागा ७२९४चा आहे.

रोहित्र
जिलबी असली तरी गोड आहे. ४० वॅट आउटपुटला ४-५ वॅट उष्णता, हे खरंच आहे. पण दोन गोष्टी. त्या आयसीची उष्णता वरच्या पाठीतून बाहेर जाते, आणि स्वस्त बोर्डांवर छोटा सिंक नुसत्या चिकटपट्टीने चिकटवलेला असतो. मे महिन्यात गोंद सैल झाला की सिंक एका बाजूला लोंबतो. स्क्रूने दाबणारा सिंक असलेला बोर्ड निवडा. आणि २६ व्होल्टच्या वर जायचं नाही, २४चा अ‍ॅडाप्टर मोजूनच लावा.

याच्या दुसऱ्या टोकाला क्लास-ए. जॉन लिन्सली हूड यांचं १९६९चं १० वॅटचं सर्किट ८ ओहमसाठी २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअरवर चालतं. चॅनलला ३२ वॅट, गाणं वाजो न वाजो. उलट न वाजताना जास्तच तापतं, कारण स्पीकरकडे काहीच जात नाही.

फ्यूजउडाला
विषय निघालाच आहे तर, २एससी ५२०० आणि २एसए १९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या तीन जोड्यांचा बोर्ड आहे, सोसायटीच्या गणपतीसाठी. त्याला मोठे पंखे लावलेत दोन, तरी थंड असताना आवाज खरखरीत येतो आणि तापल्यावर ठीक होतो. उलटं कसं?

ओहमचा_नियम
पंख्याचा झोत बीडी १३९ वर येतोय का बघा. तो छोटा ट्रान्झिस्टर सिंकला चिकटवायचा असतो. आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापले की त्यांचा बेस-एमिटर व्होल्टेज अंशाला २ मिलिव्होल्टने उतरतो, बीडी १३९ तेवढाच बायस (त्यांना किंचित चालू ठेवणारं व्होल्टेज) खाली आणतो. आता दोन चुका होतात.

पहिली, बीडी १३९ बोर्डावर हवेतच उभा. मग त्याला सिंक तापल्याचं कळतच नाही, बायस वाढत जातो, वाढला की आणखी तापतं, आणखी वाढतो. काही मिनिटांत ट्रान्झिस्टर जोडीने जातात. दुसरी, तो सिंकवर असून बायस तापलेल्या अवस्थेत बेतलेला, म्हणजे थंड असताना कमीच पडतो. थंडपणीची खरखर या दुसरीची खूण.

उपाय: बीडी १३९ सिंकच्या मध्यावर, मधल्या जोडीच्या शेजारी, मायका घालून स्क्रूने. त्याच्या पाठीचा धातू कलेक्टरला जोडलेला असतो, म्हणून मायका. पंख्याचा झोत पात्यांवर, बोर्डाच्या बाजूला नाही. स्पीकर काढून, सिग्नल न देता, वीस मिनिटं चालू ठेवून ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर व्होल्टेज मोजा. ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. प्रीसेट (बायस ठरवणारा फिरता रेझिस्टर) हळू फिरवा, पाच मिनिटं थांबा, परत मोजा. प्रीसेटची मधली टांग सुटली तर बायस कमाल होणार की किमान, हे सर्किट बघून आधी समजून घ्या. कमाल होत असेल तर तो प्रीसेट बदला.

आणि २एससी ५२०० वर ‘१५० वॅट’ छापलंय ते पाठ २५ अंशांना असताना. पाठ ७५ला गेली की ९० वॅट, १००ला ६०. नकली असेल तर देवच जाणे.

कळव्याचाकाका
आणि रात्री दहाला बंद करा. नंतर सिंक नाही, सेक्रेटरी तापतो.

घोडबंदरची_धूळ
नावाप्रमाणे बोलतो. पंखा लावणार असाल तर आमच्याकडची धूळ हिशेबात धरा. हवा बाहेर फेकणारा पंखा लावला तर पेटीच्या प्रत्येक फटीतून धूळ आत ओढली जाते. त्यापेक्षा आत ढकलणारा, समोर फोमचा फिल्टर लावलेला पंखा ठेवा, म्हणजे धूळ एकाच जागी साठते आणि ती जागा धुता येते. पावसाळ्यात नुसती धूळ नाही, धूळ अधिक दमट हवा. बोर्डावर तिचा पापुद्रा बसला की दोन्ही रेलच्या पट्ट्यांमध्ये गळती सुरू होते. खाडीजवळ तांब्यावर हिरवट थरही येतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून वर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (संरक्षक लेपाचा) एक हात द्या. प्रीसेट आणि कनेक्टर झाकून.

आणि तळाच्या भोकांना २ मिमीची जाळी. उबदार ट्रान्सफॉर्मरवर पाल येऊन बसते. पुढचं सांगत नाही.

सुपारीफुटली
पाल ही सुद्धा एक प्रकारचा लूज कॉन्टॅक्टच.

तापमापक
सगळे मोजतायत कागदावर, प्रत्यक्ष कोणी मोजा की. बोटाची चाचणी: ५५ अंशांपर्यंत बोट काही सेकंद टिकतं, ६०च्या पुढे लगेच उचललं जातं. ऐरोलीकरांचा सिंक म्हणजे ६०च्या वर कुठेतरी, त्यापलीकडे बोट काही सांगू शकत नाही.

इन्फ्रारेड बंदुकीने चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमवर नेम धरला तर २०-३० अंश कमी दाखवेल. कागदी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा, टेपवर नेम धरा. त्यापेक्षा मल्टिमीटरबरोबर येणारी के टाइप थर्मोकपल वायर आयसीच्या अगदी शेजारी, टोकाला पेस्टचा ठिपका लावून. सिंकच्या टोकाला मोजू नका, मध्य आणि टोक यांत बराच फरक असतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या १९७४च्या नियमात ताकदीचा आकडा छापण्यापूर्वी अ‍ॅम्प एक तृतीयांश ताकदीवर तासभर चालवायची अट होती. ओहमरावांचे ४० टक्के आठवा, ती अट कमाल उष्णतेच्या अगदी जवळ येते. घरी एवढं छळायची गरज नाही. ८ ओहमचे १०० वॅटचे रेझिस्टर लावून एक अष्टमांश ताकदीवर तासभर ठेवा. सिंक ७५च्या आत राहिला तर निवांत झोपा.

कपॅसिटर विसरू नका. १०५ अंश २००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांत ३२,००० तास धरतो, कारण दर १० अंशांनी आयुष्य दुप्पट होतं. ८५ अंशवाला त्याच जागी ८,०००. तो सिंकपासून किमान बोटभर लांब हवा. बऱ्याच तयार बोर्डांत जागा वाचवायला तो आयसीला खेटून असतो.

शंकेखोर
वाखुसा (वाचनखूण साठवली). आता मूळ प्रश्न: पंखा?

ओहमचा_नियम
मोठा सिंक घ्यायचा तर हिशेब सोपा. पेटी मोकळ्या जागी ठेवली आणि हवा ३८ धरली, दणक्याच्या गाण्याला सिंक ७०वर थांबवायचा, तर ३२ भागिले ४२, म्हणजे ०.७६ अंश प्रति वॅट. आताच्या सिंकच्या दीडपट ते दुप्पट पृष्ठभाग, शिवाय पात्या उभ्या. आडव्या ठेवल्या तर क्षमता चांगलीच पडते, गरम हवा पात्यांमध्ये अडकते. पेटीच्या पाठीला बाहेर बसवला तर उत्तम. काळा रंग पंखा नसतानाच कामाचा. पंखा लावल्यावर रंगाने काही फरक पडत नाही.

किंवा आहे तोच सिंक, आणि हळू फिरणारा ८० मिमीचा पंखा. थोडीशी हवा पात्यांमधून गेली तरी १.१चे ०.४-०.५ होतात. वरचं गणित परत करा: मोकळ्या जागेत सिंक ३८ + १९ = ५७, चिप १०५. कुठे १३९ आणि कुठे १०५.

जुनाखेळाडू, म्हणून पांघरूण म्हणू नका. दीड किलो अ‍ॅल्युमिनिअम की एक पंखा, हा जागेचा आणि पैशाचा प्रश्न आहे. पंखा बंद पडला तरी आयसी म्यूट होऊन वाचते, एवढी सोय ७२९४मध्ये आहे. जिथे ती नाही, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या बोर्डात, तिथे पंख्याच्या भरवशावर छोटा सिंक ठेवू नये.

जुनाखेळाडू
शेवटचं वाक्य मान्य. संगणकाच्या प्रोसेसरचे सिंक लावणाऱ्यांनी ते भिंतीवर लिहून ठेवावं. त्या दाट पात्या पंख्याशिवाय जवळपास निरुपयोगी.

फ्यूजउडाला
पंखा रेलवरूनच घेतला तर? ७८१२ लावून.

रोहित्र
७८१२ची इनपुट मर्यादा ३५ व्होल्ट, तुमची रेल रात्री ३९. नाव सार्थ कराल.

२२० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकून पंखा चालेल, पण पंख्याच्या मोटरचे झटके त्याच रेलवर येतात आणि हळू आवाजात बारीक गुणगुण ऐकू येते. जुना १२ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर पेटीत बसवा. त्याचं आउटपुट अलग असतं, ते अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जोडू नका. पंख्याच्या तारा एकमेकींत पिळून, इनपुटच्या तारांपासून दूर. पंख्याच्या टोकांना १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट.

घरघर नको ना? सिरीजमध्ये ४७ ओहम २ वॅट, पंख्याला साधारण ७ व्होल्ट मिळतात. काही पंखे ७वर सुरूच होत नाहीत, चालू-बंद करून पाच-सहा वेळा तपासा. पंखा चार कोपऱ्यांना रबरी बुशवर बसवा, नाहीतर पत्र्याची पेटीच वाजते.

तापमापक
कायम फिरायची गरज नसेल तर केएसडी ३०१ थर्मल स्विच, ५० अंशांचा, नॉर्मली ओपन. घेताना सांगून घ्या, नॉर्मली क्लोज्ड आला तर पंखा थंड असताना फिरेल आणि तापल्यावर बंद होईल. तो सिंकला स्क्रू करायचा, पंख्याच्या तारेत सिरीज. डब्ल्यू १२०९चा थर्मोस्टॅट बोर्डही चालतो, ५०ला चालू, हिस्टेरिसिस ५, म्हणजे ४५ला बंद. त्याच्या रिलेची टिकटिक शांत गाण्यात ऐकू येते, एवढंच.

ऐरोलीकर
सर्वांचे आभार. आकडे देतो. लोड नसताना रात्री ±३७.८ व्होल्ट. थर्मोकपल, रोजच्या आवाजात एक तास, खोली ३४ अंश:

दार बंद: ७१.
दार उघडं, पेटीखाली २० मिमीचे पाय: ६१.
तेच, वर पंखा ७ व्होल्टवर: ४७.

पंखा दोन फुटांवरून ऐकू येत नाही. पण पेस्ट पुसून परत लावल्यावरही डाव्या आयसीच्या पाठीचा पत्रा उजवीपेक्षा ९ अंश गरम आहे. सिंक दोन्हीकडे सारखाच.

नौपाड्याची_ताई
दोन्ही चॅनलना सारखंच गाणं आणि सारखाच लोड असेल तर ९ अंश मायकातच आहेत. साडेअकरा वॅटला ९ अंश म्हणजे ०.८ जादा, दुप्पट झालं. एकावर एक दोन मायका चिकटून तर नाही ना बसले? पाकिटातून बऱ्याचदा जोडीने निघतात.

ऐरोलीकर
...दोन होते.

फ्यूजउडाला
:D :D :D

ऐरोलीकर
आता फरक २ अंश. शेवटचा प्रश्न, पंख्याचं तोंड कुठे? पात्या उभ्या आहेत, पंखा खाली बसतोय.

कळव्याचाकाका
खाली असेल तर वर फुंकणारा. गरम हवा वरच जाते, तिच्याशी भांडू नका. पंख्याच्या चौकटीवर बाण असतो. नसेल तर ज्या बाजूला स्टिकर आणि आडव्या काड्या, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पंखा आणि पात्या यांच्यात बोटभर अंतर ठेवा. आणि ते काचेचं दार बिजागरीसकट काढून माळ्यावर टाका, नाहीतर पाहुणे आले की कोणीतरी लावतंच.

ऐरोलीकर
दार काढायला घरून परवानगी मिळालेली नाही. पाठीमागच्या प्लायला १०० मिमीची दोन भोकं पाडतोय.

कळव्याचाकाका
एक तळाशी, एक माथ्याशी. दोन्ही शेजारी-शेजारी पाडू नका.